बुधीबाईच्या अस्वलाचे सुतक

श्री. जो गजानन आधी सोंगात नाचतो आणि मागाहून देव्हाऱ्यात बसतो, त्यास नमन करून, आणि जीस दरबारचे शिफारसपत्र लागत नाही त्या शारदेस स्मरून हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, उपकारनाम संवत्सर, चैत्र मासी घडलेले. साठ संवत्सरांच्या यादीत हे नाव धुंडाळू नये. ते त्या साली दरबारने आज्ञापत्र काढून मध्येच घुसडले. लिहिणाराचे नावही पुसू नये. डोके तापले असता लिहिले आहे, सबब अक्षर वाकडे आहे. मजकूर वाकडा नाही.

तर एका राज्याच्या अगदी काठास, डोंगराच्या पोटी, करवंदपाडा म्हणोन चाळीस घरांचा गाव. तेथे चैत्रात सोंगांचा उत्सव होतो. पांगाऱ्याच्या लाकडाचे कोरलेले मुखवटे, कोणी देव, कोणी राक्षस, कोणी वाघ. आणि चाळीस घरांची चाळीस सोंगे, एका घराचे एकच. बापाकडून लेकाकडे, लेक नसल्यास सुनेकडे. दुपार कलली की संबळ वाजतो आणि सोंगे एकामागून एक चौकात उतरतात, ती दिवेलागणीपावेतो. नुसते बघायला बसलेले घर त्या गावी नाही. जो नाचला तोच मागाहून बघतो आणि जो बघतो तोच पुढे नाचतो. ही रीत कोणी लिहून ठेवली नाही, म्हणोनच ती इतकी पिढ्या टिकली. दुसरी रीत अशी की, ज्या घरचे सोंग त्या दिवशी निघाले नाही त्या घरी माणूस गेले असे समजावे. चूल विझवावी, सोंग अंगणात पांढऱ्या वस्त्रावर निजवावे, आणि गावाने संबळ न वाजविता दारी येऊन बसावे. आणि तिसरी रीत, जीमुळे पुढील सारा अनर्थ जाहला, ती ही की, पाहुण्याने गावचा घास खाल्ल्यावाचून त्यास 'नाही' म्हणो नये. उपाशी माणसास नकार देणे हे त्या गावी पाप.

चाळीसातले शेवटचे सोंग अस्वलाचे, आणि ते बुधीबाई भोये हिच्या घरचे. बाईचा दादला वारला त्यास अकरा वर्षे जाहली, तेव्हापासोन अस्वल तीच नाचवी. मुखवट्याचा एक दात पडलेला, कान उंदराने खाल्लेला, अंगावर जुन्या घोंगडीची लक्तरे. नाच म्हणावा तर नाचही नव्हे. अस्वल येई, राजाच्या सोंगाच्या ताटातला लाडू पळवी, पाय अडकून तोंडावर आपटे, पोरे किंचाळत, आणि मग अस्वल उठून लोकांत शिरे आणि ज्याच्या मनात येईल त्याच्या पाठीत एक धपाटा घाली. त्या धपाट्याचा राग कोणी धरावयाचा नाही, ऐसा शिरस्ता. बुधीबाई जिभेची तिखट, परंतु एकट्या बाईचे वर्षभर किती चालणार? बांध कोणी सरकविला, पाण्याची पाळी कोणी चुकविली, रोजगार हमीच्या हजेरीतून नाव कोणी गाळिले, हे सारे ती गिळी आणि चैत्राची वाट पाही. लहानू पाटील दरसाल पाठ पुढे करून उभा राही आणि धपाटा बसला की म्हणे, "झालं बये, फिटलं." मग वर्ष पुन्हा नीट सुरू होई. त्या गावी तंटे कचेरीत जात नसत ते ह्या मोडक्या अस्वलामुळे, हे दरबारच्या एकाही दीडशहाण्यास ठाऊक नव्हते.

त्याच्या आदल्या साली राजधानीत खलबत होऊन ऐसे ठरले की, लहान लहान गावांतील कला मरणोन्मुख आहेत, त्यांस जगवावे. मरणोन्मुख आहेत हे कोणी पाहिले? कोणीही नाही. परंतु मदत करावयाची तर आधी समोरचा आजारी असावा लागतो, म्हणोन कागदावर आजारी पाडिला. मग कलाउद्धारखाते स्थापन जाहले, त्यावर एक पंत नेमिले, त्यांस कलाउद्धारपंत ऐसा किताब दिला आणि गाडी, कारकून, बिस्किटांची पेटी आणि बाटलीचे पाणी देऊन काठाकाठाच्या गावांस रवाना केले. आधी ते शेजारच्या उंबरमाळास गेले. त्या गावची तऱ्हा निराळी, ते दरबारच्या शिक्क्यास भिऊन राहिले. तेथली सोंगे 'सुरक्षित ठेवण्याकरिता' म्हणोन राजधानीस नेली. उंबरमाळास आज सोंगे नाहीत; सोंगांचा गाव ऐसा मोठा फलक मात्र आहे, आणि त्यावर पंतांचा हसरा फोटो आहे.

मग पंत करवंदपाड्यास आले. माणूस दुष्ट नव्हे, हे लिहिले पाहिजे. दुष्ट असता तर गावाने केव्हाच वाटेस लाविला असता; हा गोड बोले, हात जोडी, लेकरांच्या गालावरून हात फिरवी, आणि ऐसा माणूस दहा दुष्टांहून जड जातो. सोंगे मागवून पाहिली, मान डोलाविली, आणि बोलिले की, चाळीस फार होतात, पाहणारास कंटाळा येतो, त्यातील उत्तम बारा निवडू, त्यांचे मंडळ स्थापू, त्यांस नवी वस्त्रे आणि मुखवट्यांस चकचकीत रोगण देऊ, चौकात मांडव घालू, खुर्च्या टाकू, उरलेल्या घरांनी प्रेक्षक व्हावे, प्रेक्षकांवाचून कला कशी जगणार? गावाने ऐकिले. लहानू पाटलाच्या ओठावर नकार आला होता. परंतु पंतांनी भाकरीस हात लाविला नव्हता! आंबील दिली, नको म्हणाले, पोटास मानवत नाही. नाचणीची भाकरी दिली, कपाळास लावून परत ठेविली. तीन दिवस पंत बिस्किटांवर राहिले, आणि तीन दिवस चाळीस घरे तोंडात नकार धरून बसली. चवथ्या दिवशी कारकुनाने दप्तरात लिहिले की, ग्रामस्थांची एकही हरकत नाही, आणि पंत गाडीत बसून गेले. नेमका घास नाकारून ज्याने गाव जिंकिला ऐसा सेनापती ह्या राज्यात दुसरा जाहला नाही.

बारांची यादी मागाहून आली. अस्वलापुढे शेरा होता: दर्जा नाही, प्रेक्षकांच्या अंगावर येते, वगळावे. बुधीबाईस वाचता येत नसे. पाटलाच्या सुनेने वाचून दाखविले. बाई तडक पाटलाच्या ओसरीवर गेली आणि त्यास तोंडावर सुनाविले की, तुझा वाघ बारांत आला म्हणून तुझी दातखीळ बसली काय? पाटील खाली मान घालून म्हणाला की, तो जेवला नाही, मी काय करू. बाई म्हणाली, "तो जेवला नाही, हे खरं. पण मी गिळलंय वर्षभर, ते कुठं ओकू?" बाई घरी आली, खुंटीवरचे अस्वल उतरवून त्याची धूळ पुसली, आणि त्या पडक्या दाताकडे बघून तिला रडू फुटले. अकरा वर्षांत दादल्यामागे ती रडली ती दोनदाच, त्यातली ही दुसरी खेप. आणि राजधानीत त्याच दिवशी ह्या उपक्रमाकरिता पंतांच्या गळ्यात पदक पडले. थू!

मग उत्सवाचा दिवस उजाडला. मांडव पडला, खुर्च्या मांडिल्या, पंत दोन उमराव आणि फोटो काढणारे संगती घेऊन दुपारी आले, हारतुरे होऊन पुढल्या खुर्चीवर बसले. गावात कोणी मसलत केली नव्हती, कोणी कट रचिला नव्हता. हे दरबारास आजही पटत नाही. बुधीबाईने फक्त रीतीप्रमाणे केले. सोंग निघावयाचे नाही, तेव्हा तिने चूल विझविली, अंगणात धुवट वस्त्र पसरिले, त्यावर अस्वल उताणे निजविले आणि उशाशी बसली. पलीकडल्या घरी बेडकाचे सोंग होते, तेही वगळलेले. त्यांनी तेच केले. त्यापलीकडे तेच. ऐसी अठ्ठावीस घरे, अठ्ठावीस चुली गार, अठ्ठावीस सोंगे वस्त्रावर. आणि ज्या गावी अठ्ठावीस दारी सुतक त्या गावी संबळास हात कोण लावील? निवडलेली बारा घरे नवी वस्त्रे अंगावर चढवून बसली होती, ती त्यांनी उतरविली, पिठले भाकऱ्या केल्या, आणि पाट्या डोईवर घेऊन दारोदार सांत्वनास निघाली. पाटील वाघाचा मुखवटा घरी ठेवून बुधीबाईच्या अंगणात येऊन मुकाट बसला, आणि मागोमाग सारा गाव तेथेच लोटला. मांडवात खुर्च्या आणि पंत.

घटका गेली, दोन घटका गेल्या. उमरावांनी घड्याळे पाहिली आणि पंतांची मर्जी खट्टी जाहली. मग ते स्वतः उठले, गाव कोठे मेला म्हणत शोधीत शोधीत बुधीबाईच्या दारी आले, आणि पाहतात तो दोनशे माणूस खाली बसलेले, कोणी बोलत नाही, बायांच्या डोळ्यांस पदर. पंत वरमले. जोडे काढून, रिकामी जागा पाहून मातीत बसले, आणि हळू पुसते जाहले की, कोण गेलं?

बुधीबाईने वर पाहिले नाही. म्हणाली, "आमचं अस्वल गेलं."

पंतांस वाटले बाईचे चित्त भ्रमिष्ट जाहले, मग वस्त्रावर नजर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. तोच पाटलाच्या सुनेने पाटीतून भाकरीचा चतकोर आणि वर पिठले ऐसे त्यांच्या हातावर ठेविले. दुखवट्याच्या दारी बसला त्याने कडू घास घ्यावा, हा तेथला शिरस्ता. आणि पंत सकाळपासोन उपाशी, हारांच्या गडबडीत बिस्किटांची पेटी गाडीत राहिली होती. शिवाय मयताच्या दारी घास नाकारणे राजधानीतही बरे दिसत नाही. पंतांनी तो घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. दोनशे माणसांनी त्यांच्या गळ्याची घाटी खाली जाताना पाहिली.

लहानू पाटील उठून उभा राहिला. म्हणाला, "जेवलात साहेब?"

पंत म्हणाले, हो.

"मग ऐका. नाही."

आणि मग सारा गाव बोलिला. बारांचे मंडळ नाही, रोगण नाही, खुर्ची नाही, मांडव नाही. वर्षभर धरून ठेविलेला नकार चाळीस घरांतून ऐसा बाहेर पडला की उमराव गाडीत जाऊन बसले. पंत काकुळतीस येऊन बोलिले की, मी तुमच्या भल्यासाठीच आलो होतो, मी मदत करायला आलो होतो. इतक्यात वस्त्रावरचे अस्वल उठले. केव्हा बाईने मुखवटा चढविला आणि घोंगडी पांघरली हे कोणी पाहिले नाही. अस्वल दोन पावले पुढे आले, सवयीने अडखळले, तोंडावर आपटले, पोरे किंचाळली, पुन्हा उठले, पंतांच्या पाठीशी गेले आणि हात वर नेऊन ऐसा धपाटा घातला की पंतांच्या गळ्यातले पदक उडून पिठल्यात पडले. त्या धपाट्यात बांध होता, पाण्याची पाळी होती, गाळलेले नाव होते, आणि उंबरमाळही होते. पाटलाने पंतांस हात देऊन उठविले आणि रीतीप्रमाणे सांगितले की, आता म्हणा, झालं बये, फिटलं. पंत म्हणाले नाहीत. पाठ चोळीत निघून गेले. अस्वल उठले म्हणजे सुतक फिटले. अठ्ठावीस दारी वस्त्रे गुंडाळिली, संबळ घुमला, चाळीस सोंगे चौकात उतरली आणि दरबारच्या मांडवाचे कापड राक्षसाने पांघरिले.

पंतांनी राजधानीस जाऊन अहवाल लिहिला, त्याची नक्कल लिहिणाराने डोळ्यांनी पाहिली आहे: करवंदपाड्यास अज्ञात साथ येऊन एके दिवशी अठ्ठावीस दगावले, सबब कार्यक्रम रहित. त्यावर दरबार हळहळला, आणि पुढील साली कलाउद्धाराची रक्कम त्या गावी जंतुनाशक फवारणीस खर्ची पडली. फवारणारे आले, त्यांस गावाने आधी जेवू घातले.

येणेप्रमाणे उपकारनाम संवत्सरातील वर्तमान. तात्पर्य इतुकेच की, ज्यास गावाचे भले करावयाचे त्याने आधी गावाच्या पंगतीस बसावे, नकार ऐकण्याइतके पोट भरून घ्यावे, आणि पाठ मोकळी ठेवावी. पंतांचे 'फिटलं' अजून यावयाचे आहे. तोवर दर चैत्रात अस्वल एक धपाटा रिकाम्या खुर्चीस घालिते. खुर्ची दरबारची आहे. कलम आटोपिले.