पोटानं काटा मारला

आमचे शेजारी शिवलिंगआप्पा दिवसातून चार वेळा स्वतःच्या पोटावर लबाडीचा आळ घेतात. लटकत्या काट्याला पाण्यानं भरलेली पिशवी अडकवलेली, डोळे आकड्यावर, आणि भिंतीपलीकडं मला ऐकू जाईल असा आवाज, "मारला बघा काटा! दोन घातलं आन् दोनाला कमी दिलं. पोट न्हाय हे, दलाल हाय दलाल!"

नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तसं काही नाही. आप्पा पक्के शिवभक्त, कपाळावर तीन बोटं विभूती, पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. तेव्हापासून त्यांच्या पोटात एक मऊ नळी कायमची बसवली आहे. त्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-पाच तास आत ठेवायचं, मग अंगातली घाण घेऊन ते रिकाम्या पिशवीत उतरलं की वजन करायचं. घातलं त्यापेक्षा थोडं जास्तच निघायला हवं. कमी निघालं तर पाणी अंगात मुरतंय असं समजायचं. हा कारभार घरच्या घरी, रोज चार वेळा, त्याला सण नाही की सुट्टी नाही.

डॉक्टरांनी दुसरा मार्गही सांगितला होता. आठवड्यातून तीनदा सोलापूरला जाऊन मशीनवर पडायचं. आप्पा म्हणाले, "आमचा अणदूरचा खंडोबा वर्षातून एकदा नळदुर्गाला मुक्कामाला जातो, तर निम्मं गाव पोचवायला लागतं. मी आठवड्याला तीनदा सोलापूर करू? देवापरीस मोठा हाय का मी?" डॉक्टरांना हा मुद्दा समजला नसावा, पण त्यांनी नळी बसवली.

अणदुरात चाळीस वर्षं आप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. गावात दोन माणसांचं भांडण लागलं की "चल आप्पाच्या तागडीवर" असं म्हणत. वजनमापाचा साहेब तपासणीला यायचा तो चहा पिऊन जायचा, कारण तपासायला काही सापडायचंच नाही. आप्पा मला अभिमानानं सांगायचे, "काटा मारायचे सतरा परकार येतात मला, डॉक्टर. म्हणून तर एक बी केला न्हाय."

मला गाव डॉक्टर म्हणतं, पण माझी सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली. बत्तीस वर्षं म्हशींच्या पोटावर कान लावला. आप्पा म्हणतात, "तुमचे पेशंट बोलत न्हाईत, ते एक बरं हाय." दुकान बंद झालं, आप्पांच्या सौभाग्यवती गौराक्का गेल्या वर्षी वारल्या, मुलगा पुण्यात. उरलो मी आणि माझं वाय-फाय. आप्पांच्या घरात रेंज येत नाही, म्हणून त्यांचा उपचार माझ्या वाय-फायवर चालतो, आणि बिल भरायला माझ्याकडून उशीर झाला की आप्पा माझ्याकडं खुनी माणसाकडं बघावं तसं बघतात.

दर पंधरा दिवसांनी सकाळी अकरा वाजता सोलापूरच्या दवाखान्यातून महादेवी सिस्टरचा व्हिडिओ कॉल येतो. फोन धरायला मी, कारण आप्पांचे दोन्ही हात पिशवीत गुंतलेले. त्या दिवशी आप्पा नऊलाच दाढी करून, परीटघडीचं धोतर नेसून, टोपी घालून तयार. तोंडाला मास्क. पिशवी बदलताना तो हवाच, पण आप्पा कॉल संपेपर्यंत काढत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "सोलापुरात साथ हाय म्हणतात." मी म्हटलं, आप्पा, फोनमधून साथ येत नाही. "आवाज येतो, तोंड येतं, मग साथीनंच काय घोडं मारलंय?"

सिस्टर दिसली की आधी तिच्यासाठी अर्धा कप चहा मोबाइलसमोर धरायचा. "घ्या ताई." ताई हसून "घेतला" म्हणते आणि तो चहा मला प्यावा लागतो, कारण आप्पांना पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. साखर तिच्या बेतानं घातलेली असते. मला मधुमेह आहे हे आप्पांच्या गावीही नसतं.

मग सिस्टरचे प्रश्न. पाणी स्वच्छ निघालं का, की गढूळ? नळीच्या तोंडाशी लाली नाही ना? ताप? वजन? बीपी? रात्री झोप लागली का? काय जेवलात? भाकरी किती? पाय दाखवा, घोट्यावर बोट दाबा, खड्डा पडतो का? आप्पा एकेका प्रश्नाला असं सविस्तर उत्तर देतात की माझा हात भरून येतो. एकदा तर भाकरी कोणत्या ज्वारीची हे सांगताना त्यांनी मालदांडीचा सगळा इतिहास सांगितला. सिस्टरनं ऐकून घेतला. मी असतो तर फोन ठेवला असता.

यंदा संक्रांतीनंतर मात्र पोटानं खरंच काटा मारायला सुरुवात केली. शंभर ग्रॅम कमी, दीडशे कमी, कधी दोनशे. सिस्टर काळजीत पडली. आता कॉल रोज यायला लागला. "आप्पा, माझ्यासमोर वजन करा," म्हणायची. आप्पा काट्याचं तोंड मोबाइलकडं करायचे आणि पोटाला शिव्या घालायचे. शिव्या अस्सल होत्या, पण दाढी रोज होत होती, धोतर रोज परीटघडीचं होतं आणि मला रोज गोड चहा प्यावा लागत होता. एवढ्या आजारी माणसाला इतका हुरूप बत्तीस वर्षांत मी पाहिला नव्हता. अर्थात म्हशी आजारी पडल्यावर दाढी करत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरच्या शेजारी डॉक्टर दिसले. ते म्हणाले, असंच कमी निघत राहिलं तर घरचा उपचार पुरेसा नाही. सोमवारी बघून शेवटचं एक कडक औषध देऊ, त्यानंही जमलं नाही तर नळी काढून मशीनवर यावं लागेल, आठवड्यातून तीनदा. काट्याची पिशवी हिंदकळली. तिकडं बघताना मला एक गोष्ट दिसली. मोबाइलला दिसत होतं काट्याचं तोंड. मोबाइल हातभर पुढं धरून मी होतो बाजूला. पिशवीच्या खाली आप्पांचा अंगठा होता आणि तो पिशवीला अलगद वर उचलत होता.

कॉल संपल्यावर मी दार लावलं. "आप्पा, हा सतरातला कितवा?"

आप्पांनी पिशवी काट्यावरून उतरवली. मग मास्क काढला. "नववा," म्हणाले.

मी चिडलो. बोलू नये ते बोललो. चाळीस वर्षं दुसऱ्याला धान्य तोलताना नाही केलं, ते स्वतःच्या जिवावर केलं? मास्कची घडी घालत आप्पा बोलू लागले.

"डॉक्टर, पोरगा रविवारी फोन करतो. इचारतो, बरं हाय का? म्या म्हणतो, बरं हाय. झालं, ठिवला. वाईट न्हाय तो, कामाचा हाय. ही पोरगी धा-अकरा सवाल करती. आन् फोन ठिवायच्या आदी कानडीत इचारती, ऊट आयतेन्री?" जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. अणदुरात निम्म्या लोकांना कळतो. "आमच्या घरात हीच बोली हुती. आमची ही गेल्यावर ह्या घरात त्ये कुणी इचारलं न्हाय बघा. आकडा चांगला आला की ती पंधरा दिवसांनी दिसती. वाईट आला की दुसऱ्या दिवशी."

मी शेजारी राहतो. भिंत एकच आहे. सणावाराला पुरणपोळी पाठवली की मला वाटायचं, आपलं शेजारधर्माचं काम झालं. खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी अकरा वाजता डॉक्टर आणि सिस्टर दोघंही समोर होते. त्या दिवशी चहा नव्हता. आप्पांनी पिशवी काट्याला लावली, दोन्ही हात पाठीमागं नेले. दोन किलो दोनशे. डॉक्टर पुढं झुकले. आप्पा म्हणाले, "पोट इमानदार हाय, साहेब. काटा म्या मारत हुतो." आणि का, तेही सांगितलं. चाळीस वर्षांची अब्रू त्यांनी दोन वाक्यांत खाली ठेवली.

सिस्टर रागावली. चांगलीच रागावली. "पायाला सूज नाही, वजन वाढत नाही, म्हणून आम्ही बुचकळ्यात पडलो होतो. आज जास्त कडक औषध लिहून देणार होते डॉक्टर. खोट्या आकड्यावर ते दिलं असतं तर अंगातलं पाणी आटलं असतं, आप्पा. मी काय केलं असतं?" आप्पांनी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, घरचा उपचार चालू राहील, पुढचा कॉल पंधरा दिवसांनी. बरोबरच होतं. तिच्याकडं आप्पांसारखे कितीतरी लोक आहेत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सहज डोकावलो. कॉल नव्हता, तरी आप्पा दाढी करून, धोतर नेसून खुर्चीवर बसले होते. मी समोर बसलो. मुक्या जनावरांना तपासण्यात जन्म गेला, विचारायची सवय नाही. दोनदा खाकरलो आणि विचारलं, "आप्पा, रात्री झोप लागली का?"

"बरं हाय," आप्पा म्हणाले.

मी उठलो नाही. बाहेर हमरस्त्यावरून हैदराबादकडं जाणारे ट्रक चालले होते. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"न्हाय लागली, डॉक्टर," ते म्हणाले. "आमची ही गेल्यापासनं न्हाय लागली."