मास्तरांना ब्रेक लागतो

गिटार लॅपटॉपला जोडायची म्हणजे वायरचं एक टोक इकडे, एक टोक तिकडे, दहा मिनिटांचं काम, असं मास्तरांनी सकाळीच बायकोला ऐकवून टाकलं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, "हळू, हळू" म्हणत ब्रेकवर पाय ठेवणारा हा माणूस हातात गिटार आली की सुसाट सुटायचा. वाद्यवृंदातले बाकीचे गाण्याच्या मध्यावर असताना हे शेवटाला पोहोचून त्यांची वाट बघत बसायचे. अखेर ड्रमवाल्याने, एरवी जो टायरचं दुकान चालवतो, निर्वाणीचं सांगितलं: घरी ठेक्यावर वाजवून संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठव, नाहीतर कार्यक्रमात तुझ्या जागी नवा गिटारवाला. हा नवा म्हणजे ज्याला मास्तरांनीच रिव्हर्स घ्यायला शिकवलं तो. हे फार जिव्हारी लागलं.

दहा मिनिटांत एवढंच कळलं की गिटारची पिन जाड आणि लॅपटॉपचं भोक बारीक. मास्तरांनी दुकानातून जोडपिन आणली. ती बसली, पण आवाजाचा पत्ता नाही. ते लॅपटॉपला चापट मारायच्या बेतात असताना त्याची मालकीण, म्हणजे बायको, धावत आली. ते भोक हेडफोनचं आहे, तिथून आवाज बाहेर येतो, आत जात नाही, असं तिने समजावलं. मास्तर पुन्हा दुकानात. या वेळी मध्ये लावायची एक डबी आणली. आवाज आला, पण उशिरा! तार छेडली की क्षणभराने हेडफोनमधून सूर यायचा, जणू शेजारच्या खोलीत बसून कुणी त्यांची नक्कल करतंय.

आता वेळच उरला नव्हता. मास्तरांनी ठेका लावला आणि सुटले. पण आपलाच सूर मागून रखडत येतोय म्हटल्यावर सवयीने पाय जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ अडखळला की मास्तर ब्रेक दाबून थांबतात. इथे ते स्वतःसाठीच थांबले. सुरासुराला थांबले. सगळं बुडालं असं समजून त्यांनी डोळे मिटून रेकॉर्डिंग पाठवलं.

ड्रमवाल्याचा लगेच फोन.

"मास्तर, खरं सांग, वहिनींनी वाजवलंय ना?"

"का रे?"

"एक ठोका इकडचा तिकडे नाही. जागा तुझीच, बाबा."

मास्तर छाती काढून खोलीत परतले. तोवर बायकोने खटपट करून सेटिंग बदललं होतं.

"अहो, उशीर गेला बघा. आता छेडलं की लगेच आवाज."

मास्तरांनी वाजवून पाहिलं. ठेका बिचारा मैलभर मागे राहिला.

"अगं, होतं तसं कर."

"म्हणजे पुन्हा बिघडवू?"

"बिघडव. आणि मग हात लावू नकोस."

मग त्यांनी ड्रमवाल्याला फोन करून कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर लॅपटॉपसाठी एक टेबल ठेवायला सांगितलं. त्याने कारण विचारलं.

"तांत्रिक बाब आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "तुला नाही कळायची."