बदलीचं रक्त

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हाच बाईंडरांच्या तळहाताला घाम सुटला. चार महिने मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, पण साखर तसूभरही उतरली नव्हती. त्यात बाईंडर किडकिडीत अंगाचे आणि घराण्यात हा रोग कुणालाच नाही. डॉक्टरांना वेगळीच शंका आली होती.

"इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर तुमचंच शरीर उलटलंय का, ते बघायचंय," डॉक्टर म्हणाले. "कुंपणानंच शेत खावं, तसं. असं असेल तर रक्तात अँटिबॉडी सापडतात."

"लघवीत नाही सापडत?"

"नाही. रक्तच लागेल. चांगलं नळीभर."

बाईंडरांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. हातभर दोरा ओवलेलं दाभण घेऊन ते दिवसभर जाडजूड शब्दकोश शिवत. पण ते दाभण पुस्तकात शिरायचं. आपल्यात शिरणारी सुई म्हटली की ते दार शोधत. साखर तपासायला बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, तरी एका बाजूनं बायको आणि दुसऱ्या बाजूनं मेहुणा धरून ठेवत.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो दुकानात खळ लावायचा, पानं कापायचा आणि बाईंडरांना नको असेल तिथं त्यांच्याऐवजी जायचा. पोरीच्या शाळेतल्या पालकसभेला तोच बसे. एकदा तर बाईंडरांच्या लांबच्या काकांच्या मयतीला जाऊन तो बाईंडरांपेक्षा बरा रडून आला होता.

"रक्त तेवढं तू देऊन ये," बाईंडर म्हणाले.

"माझं?"

"मग माझं तू कसं देशील?"

"पण भाऊजी, तपासायचंय तुमचं ना?"

"अरे, तू धडधाकट माणूस. रिपोर्ट चांगला येईल, डॉक्टरांची शंका फिटेल, विषय संपला!"

यात काहीतरी चुकतंय असं मेहुण्याला वाटलं, पण नेमकं काय ते त्याला सापडेना. तो गेला, बाईंडरांचं नाव सांगितलं आणि बाही वर केली. "सत्तेचाळीस वर्षं? वाटत नाही हो!" रक्त घेणारी बाई म्हणाली. मेहुणा तेहतीसचा होता, तरी त्याला दिवसभर बरं वाटत राहिलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. बाईंडर बायकोला घेऊन मोठ्या ऐटीत दवाखान्यात गेले. दुकान बंद करून मेहुणाही आला होता, तो बाहेर बाकावर बसला.

"शंका खरी निघाली," डॉक्टर म्हणाले. "अँटिबॉडी भरपूर आहेत. आता इन्शुलिन सुरू करायचं. दिवसातून चार वेळा."

"चार थेंब?"

"चार इंजेक्शनं."

बाईंडर आगीतून उठून फुफाट्यात पडले होते. एक सुई चुकवायला गेले आणि रोजच्या चार गळ्यात आल्या.

"डॉक्टर, त्या अँटिबॉडी माझ्या नाहीत."

"सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं. मन मानत नाही."

"खरंच सांगतो. त्या मेहुण्याच्या आहेत."

"मेहुण्याकडून नाही लागत हा आजार. संसर्ग नसतो त्याला."

"अहो, दरवेळी माझ्या माहेराला कशाला मध्ये ओढता?" बायको उसळली. "चहात साखर तुम्ही घालणार आणि नाव माझ्या भावाचं!"

बाईंडर तडक उठले आणि मेहुण्याला दंडाला धरून आत घेऊन आले. मेहुणा बाहेर पाण्याचा तिसरा पेला पीत होता. त्यानं तो हातात धरूनच सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते एकदा रिपोर्टकडे बघत, एकदा या दोघांकडे. नाव एकाचं, वय त्याचंच, रक्त दुसऱ्याचं. आपला पेशंट कोण, हे त्यांना कळेना.

"म्हणजे मला नाहीयेत अँटिबॉडी!" बाईंडर आनंदानं म्हणाले.

त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. डॉक्टर मेहुण्याचं बोट टोचून यंत्राकडे बघत होते. साखर साडेतीनशेच्या वर होती.

"तहान फार लागते?"

"लागते."

"वजन?"

"दोन महिन्यांत सहा किलो उतरवलं!" मेहुणा अभिमानानं म्हणाला.

"अजून महिनाभर गेला असता तर शुद्ध हरपल्यावरच आणावं लागलं असतं याला."

बायको मटकन खाली बसली. बाईंडरांचा आनंद कुठल्या कुठे गेला. हा पोरगा दोन महिने आपल्या शेजारी उभा राहून पाणी पीत होता, वाळत होता आणि आपण त्याला 'काय फिगर केलीस!' म्हणत होतो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असली लबाडी पुन्हा करू नका," डॉक्टर कडक आवाजात म्हणाले. "आणि या वेळी केलीत ते..." त्यांनी नवी सुई काढली. "हात पुढे करा तुमचा!"

बाईंडरांनी निमूट हात पुढे केला. त्या रक्तात पुढे एकही अँटिबॉडी सापडली नाही. गोळ्या मात्र आठवण झाली तरच घेतल्या जात होत्या, हे बायकोच्या चौकशीत निघालं.

दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी जेवणाआधी मेहुणा इन्शुलिनचं पेन घेऊन बसला. सुई पोटाजवळ नेई आणि परत मागे घेई.

"आण इकडे," बाईंडर म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही?"

"तुझ्याऐवजी मीच टोचून घेतलं असतं रे. विचारलं मी डॉक्टरांना. चालत नाही म्हणाले." त्यांनी मेहुण्याच्या पोटाची चिमूट धरली, सुई टोचली, बटण दाबून दहा आकडे मोजले आणि सुई बाहेर काढली.

"झालं?" मेहुण्यानं विचारलं. "कळलंसुद्धा नाही!"

"झालं," बाईंडर म्हणाले आणि धाडकन खाली कोसळले.

आवाज ऐकून बायको साखरेचा डबा घेऊनच धावत आली. इंजेक्शननंतर चक्कर आली तर आधी साखर द्यायची, हे डॉक्टरांनी तिच्याकडून तीनदा घोकून घेतलं होतं. बघते तर नवरा जमिनीवर आडवा आणि भाऊ त्याला पुठ्ठ्यानं वारा घालतोय.

"इंजेक्शन नक्की कुणाला दिलं?"

"मला," मेहुणा म्हणाला.

"मग चक्कर यांना कशी आली?"

"मला दिलं ना, म्हणून."

चमचाभर साखर हातात घेऊन ती एकदा भावाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी हे सांगितलंच नव्हतं.

"अगं, पण साखर कुणाला देऊ?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

बाईंडरांनी डोळे काही उघडले नाहीत. तोंड मात्र उघडलं.