मेढ्याचे तातोबा आण्णा आणि आवळ बुश

‘गिअर पडत नाही’ हे शब्द तातोबा आण्णांसमोर उच्चारले, की ते हातातला चहा खाली ठेवतात. मग बोलणाऱ्याकडं असं बघतात, की जणू त्यानं भर चौकात एखाद्या गरीब माणसावर चोरीचा आळ घेतला आहे.

“पडत न्हाई म्हंजे? आंबा हाय का त्यो पडायला? तुमी टाकत न्हाई नीट, म्हणून त्यो जात न्हाई. मुक्या जनावराला बोल लावू नका.”

आण्णा आमच्या मेढ्यातले, माझ्या घरापासून चौथ्या दारात. बावीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून आले. मुलगाही लष्करातच, तिकडं आसामात कुठंतरी. त्यांची बायको, आमच्या आण्णी, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आण्णा एकटेच राहतात आणि दिवसभर कुणा ना कुणावर रागावलेले असतात. सगळ्यांत जास्त राग क्लच अर्धवट दाबून गिअर बदलणाऱ्यांवर. एकदा वाईला जाताना माणसं भरून नेणाऱ्या वडापाच्या जीपमधून ते भर चढावर उतरले होते. ड्रायव्हरनं सेकंड टाकताना करर्र असा आवाज केला एवढंच कारण. “ह्या खाटकाच्या गाडीत मी बसणार न्हाई,” म्हणाले आणि उरलेली वाट उन्हातून पायी चालत गेले. वर आठ दिवस त्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत होते.

अशा माणसाकडं मला माझी जीप घेऊन जावं लागलं.

झालं असं की, उन्हाळ्यात बहिणीकडं सांगलीला जाताना जीपचं इंजिन तापून जाम झालं. बहीण विश्रामबागेत राहते. तिच्या घराजवळच्या एका गॅरेजात जीप ओढत नेली. तिथल्या मिस्त्रीनं जुनं इंजिन उतरवून त्याच जातीचं दुसरं चढवलं. इंजिन छान चालायचं. पण गिअर मात्र जाता जाईना. पहिला टाकताना दोन्ही हातांनी जोर लावायचा आणि रिव्हर्स टाकला की आख्खी गल्ली खिडकीत यायची. मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, “इंजिन माझं ओक्के हाय, साहेब. तुमचा गिअरबॉक्स गेलाय. त्यो बदलून घ्या.” गाडी न बघता, फोनवर. मी जाम संतापलो. इंजिन बदलायच्या आदल्या दिवसापर्यंत जो गिअरबॉक्स लोण्यासारखा चालत होता, तो असा बसल्या जागी कसा जाईल?

आण्णांपुढं मी चुकून म्हणालो, “आण्णा, गिअर पडत नाही.”

चहा खाली ठेवला गेला. माझी यथासांग हजेरी घेतली गेली. मग ते जीपमध्ये बसले, इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकला. चारही गेले, रिव्हर्सही गेला, हूं की चूं नाही. मग इंजिन चालू करून पाय क्लचवर दाबून धरला आणि मोठ्यांदा दहा आकडे मोजले. पहिला टाकायला गेले, तर दांडा अडून बसला. रिव्हर्सला तर दातांवर दात घासले.

“मास्तर, तुमी शाळंत काय शिकवता?”

“मराठी.”

“मग आईका मराठीत. बंद गाडीत गिअर जातोय, चालू गाडीत जात न्हाई. म्हंजे गिअरबॉक्स निर्दोष हाय. क्लच दाबला तरी इंजिन गिअरबॉक्सला सोडत न्हाई. हात धरून ओढतंय त्याला. आन् तुमचा सांगलीवाला म्हणतोय, ज्याला ओढलं त्योच गुन्हेगार. काय न्याय हाय ह्यो?”

पुढचे दोन दिवस मी शाळेतून आलो की आण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीपखाली उताणा पडलेला असायचो. आधी त्यांनी क्लचच्या पेडलची ढिलाई तपासली, खालचा रॉड आवळला. फरक नाही. मग गिअरबॉक्स उतरवला. त्याचं निम्मं वजन माझ्या छातीवर होतं आणि आण्णा वरून सांगत होते, “श्वास घेऊ नका, हालतंय.” क्लचप्लेट बघितली, ती बरोबर बसवलेली. बेरिंगही ठीक. मग त्यांनी टॉर्च तोंडात धरून इंजिनाच्या मागच्या टोकाला डोकं घातलं आणि आतूनच एक अशी शिवी दिली, की शेजारच्या दुकानातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

इंजिनाच्या त्या टोकाला अंगठीएवढा पितळी बुश असतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टाचं टोक त्यात टेकून फिरतं. नव्या इंजिनात मिस्त्रीनं नवा बुश बसवला होता. आण्णांनी आपल्या पेटीतला एक जुना शाफ्ट त्यात घातला, तर तो फिरेना.

“बुश ठोकून बसवला की त्याचं भोक आवळतंय,” आण्णा म्हणाले. “म्हणून बसवल्यावर शाफ्ट घालून दोन बोटांनी फिरवायचा. आवळ लागला तर जरा घासायचा. एवढंच. बोटाला कळतंय ते, शेंबड्या पोराच्या बोटालाबी कळंल. ह्या मान्सानं फिरवून बघितलं न्हाई, मास्तर. आन् वर गिअरबॉक्सचं नाव घेतलं.”

नवा बुश घालून, घासून, आण्णांनी गाडी जोडली. गिअर असे जायला लागले, की मी दोनदा विनाकारण बदलून बघितले. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. आण्णांच्या दृष्टीनं तो आता सुरू झाला. मिस्त्रीचा तो काढलेला बुश रुमालात बांधून ते रविवारी सकाळी माझ्या दारात उभे.

“सांगलीला चला. त्याच्या हातात देतो ह्यो बुश आन् इचारतो, मिस्त्री कोण म्हणतंय तुला?”

साताऱ्यापासून कराडपर्यंत ते मिस्त्रीला काय काय सुनावणार याची तालीम चालली होती. कराडच्या पुढं मीही त्यात भर घालायला लागलो. माझाही राग काही थोडा नव्हता. छातीवर गिअरबॉक्स मी झेलला होता.

गॅरेजात तोच मिस्त्री, दादू, एकटाच होता. साठीचा, सडपातळ माणूस. मला ओळखून त्याचा चेहरा जरा उतरला, पण त्यानं बाकडं पुसलं, समोरच्या टपरीवर चहा सांगितला. स्टीलच्या पेल्यांत उकळता चहा आला. मी पेला उचलला आणि लगेच खाली ठेवला. आण्णांनी रुमालात धरला. बुश त्यासाठी खिशात गेला. दादू मिस्त्रीनं मात्र पेला मुठीत गच्च धरला होता आणि तो शांतपणे बोलत होता. आण्णांचं लक्ष त्या मुठीवर गेलं. मग एक गिऱ्हाईक आलं, मोटरसायकलचा एक नट लावून घ्यायला. दादू मिस्त्रीनं नट उचलला, डोळ्यांपाशी नेला, बोल्टच्या आट्यांवर टेकवला, तो तिरका बसला. पुन्हा काढला, वाकून पुन्हा बघितलं. साधा नट, पण तिसऱ्या वेळी लागला.

गिऱ्हाईक गेलं. मी म्हणालो, “आण्णा, काढा तो बुश.”

आण्णा मिस्त्रीकडं वळले. हळूच म्हणाले, “साखर?”

दादू मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मग खाली. “सा वर्सं झाली डायबिटीसला. बोटं झोपल्यात. पायबी तसंच.” आणि आवाज उतरवून, “गिऱ्हाइकात बोलू नका, पाव्हणं. चाळीस वर्सं ह्येच केलंय. दुसरं कायबी येत न्हाई.”

मी आण्णांच्या स्फोटाची वाट बघत होतो. आण्णा म्हणाले, “गाडी झकास झालीय, मिस्त्री. क्लचचा रॉड जरा ढिला हुता, तेवढा आवळला. म्हटलं जाता जाता सांगून जावं.”

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. दीडशे किलोमीटर येऊन हा माणूस माझ्यादेखत खोटं बोलत होता.

आण्णा पुढं म्हणाले, “एक इचारू? मला बुशाचा नेम लागत न्हाई आताशा. तुमी आवळ हाय का ढिला, कानानं बघता का? आमच्या पलटणीत एक म्हातारा बघायचा. शाफ्ट फिरवला की आवळ बुश बारीक कुरकुरतोय, उंदरावानी. खरं का ते?”

दादू मिस्त्रीनं आण्णांकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. “बघू की,” तो म्हणाला. “हाय एक शाफ्ट.”

दुपारी दोनपर्यंत दोघं म्हातारे एका इंजिनाला कान लावून बसले होते. बहिणीनं जेवायला बोलावलं, तरी उठले नाहीत. परतीच्या वाटेवर मी चिडून विचारलं, “मग आपण आलो कशाला होतो?” आण्णा म्हणाले, “म्होरं बघून चालवा.”

त्यानंतर दादू मिस्त्रीचे फोन यायला लागले. तिकडं तो गाडी चालू करून फोन गिअरबॉक्सजवळ धरतो, इकडं आण्णा एका कानात बोट घालून ऐकतात आणि खेकसतात, “आँ, थांबा. परत टाका तिसरा. दाबा, दाबा क्लच पुरा. हां, आता उतरवा आन् बुश घासा जरासा.” पत्र्याच्या शेडमधला तो आवाज माझ्या घरापर्यंत येतो.

परवा संध्याकाळी शाळेतून येताना शेडपाशी थांबलो. आण्णा खुर्चीत बसून फोन कानाला लावून होते, पण खेकसत नव्हते. अधूनमधून ‘हूं’ म्हणत होते. मी उभा राहिलो, दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. शेवटी त्यांनी फोन ठेवला.

मी विचारलं, “काय म्हणत होती गाडी?”

“गाडी न्हवती आज त्याच्याकडं.”

“मग इतका वेळ काय ऐकत होता?”

आण्णांनी माझ्याकडं रागानं बघितलं. मग खुर्ची उचलून आत नेता नेता म्हणाले, “तुमाला काय करायचंय, मास्तर. घरी जावा, च्या थंड हुतोय तुमचा.”