साळवेकाकांची मोजणी

साळवेकाकांना मोजता येत नाही, हे आमच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमची लिफ्ट सहा माणसांची. काका दारात उभे राहून आत बोट फिरवत, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बरोबर," म्हणत आणि मग स्वतः आत शिरत. लिफ्ट केकाटायला लागे. काका तिच्याकडे रागानं बघत, बाहेर पडत आणि जिन्यानं चौथ्या मजल्यावर जात. "स्वस्तातली घेतलीय," एवढंच म्हणत. एकदा वार्षिक सभेला हजर सभासद मोजायचं काम त्यांच्याकडे दिलं. गणसंख्येला एक माणूस कमी भरला आणि सभा अर्धा तास तहकूब झाली. तो अर्धा तास आम्ही सगळ्यांनी, काकांसकट, त्याच पार्किंगमध्ये त्याच खुर्च्यांवर बसून काढला.

आणि हा माणूस चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. नट-बोल्ट कसे मोजले असतील, देव जाणे. काकी गेल्यापासून घरात एकटेच. फोन उचलला की "जयभीम, साळवे बोलतोय," आणि पुढचं प्रत्येक वाक्य "नोंद घ्यावी"नं सुरू. "नोंद घ्यावी, आज पाणी एक तास उशिरा येईल." "नोंद घ्यावी, तुमचं दूध उतू गेलं, वास येतोय."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती सायकलमुळे. आमच्या आयटी कंपनीत त्या वर्षी सायकलची साथ आली होती. आधी योगाची येऊन गेली, त्याआधी शेअर बाजाराची. मीही हप्त्यावर एक गिअरची सायकल घेतली आणि पार्किंगमध्ये मिरवत उभी केली. काका तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "छान आहे. बेल कुठाय?"

"हिला बेल नसते, काका."

"मग माणसं बाजूला कशी होतात? अर्ज करायचा का?"

त्यांची स्वतःची सायकल काळी, लोखंडी, दांड्याच्या ब्रेकची. कॅरियर, डायनॅमो, स्टँड, सगळं जागच्या जागी. वजनाला माझ्या दोन सायकली सहज भरतील. ते ती रोज लिफ्टमध्ये न घालता जिन्यानं वर नेत. लिफ्टवर त्यांचा राग कायम होता.

डिसेंबरात आमच्या कंपनीतल्या लोकांनी पुणे ते गणपतीपुळे असा चार दिवसांचा बेत ठरवला. पहिला मुक्काम वाई, दुसरा कराड, तिसरा चिपळूण, मग समुद्र. सूत्रधार निखिल, माझा मॅनेजर. वय बत्तीस, आणि प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्याकडे एक अ‍ॅप. पार्किंगमध्ये आमची तयारीची बैठक चालू असताना काका आले आणि निखिलला म्हणाले, "मला घ्याल का? मी मागे राहीन. मागे कुणीतरी लागतंच."

निखिलला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर तो मॅनेजर झाला. आम्ही अकरा होतो, काकांसकट बारा. अकरा जणांच्या मोबाइलवर अ‍ॅप होतं. नकाशावर आमचे अकरा ठिपके पळताना दिसत. काकांकडे बटणांचा फोन, त्यामुळे त्यांचा ठिपका नव्हता. "मी दिसतोय की," ते म्हणाले.

पहिल्या दिवसापासून उच्छाद सुरू झाला. आम्ही चहाला थांबलो की अर्ध्या तासानं काका डुलत येत, सायकल स्टँडवर लावत, सगळ्यांवरून बोट फिरवत आणि मोठ्यानं जाहीर करत, "अकरा!" मग कुणीतरी म्हणे, "काका, आपण बारा आहोत." "अकरा," काका ठामपणे म्हणत आणि चहा मागवत. दुसऱ्या दिवशी तर पोरांनी खेळच केला. काका दिसले रे दिसले की सगळे एका सुरात "अकरा" ओरडत. काका हसत. "नोंद घ्यावी, केळं मागच्या खिशात ठेवलं की शिकरण होतं," असं काहीतरी सांगून ते आपलं केळं कॅरियरवरून सोडवत. मला त्यांची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? आपल्या सोसायटीतला माणूस आपल्या ऑफिससमोर हास्यास्पद झाला की आपलीच कॉलर मळल्यासारखी वाटते.

तिसऱ्या दिवशी पाटण मागे टाकलं आणि हेळवाकच्या चहानंतर माझ्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. महिनाभर मी ऑफिसात फुशारकी मारली होती. आता काय सांगणार? मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, काका हॉटेलमागे हात धुवायला गेलेले बघितले, आणि आमच्यासोबत निघालेल्या सामानाच्या टेम्पोत गुपचूप सायकल चढवून बॅगांच्या मागे आडवी झाले. ड्रायव्हरला सांगितलं, "कुणाला बोलू नका." टेम्पो सगळ्यांना मागे टाकून कुंभार्ली घाट उतरला. माझा ठिपका सगळ्यांच्या पुढे पळत होता, आणि खरं सांगते, मला जरा बरंच वाटत होतं.

मागे काय घडलं ते मला नंतर कळलं. घाटमाथ्यावर सगळे फोटोला थांबले होते. काका आले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "दहा."

सगळे खदाखदा हसले. "काका, आज तर दोननं चुकलात," निखिल म्हणाला. त्यानं मोबाइल दाखवला. "हे बघा, अकरा ठिपके."

"ठिपके असतील. माणसं दहा आहेत. त्या मॅडम नाहीत."

"पुढे गेल्या असतील. चला, काका."

"माझ्या पुढून गेल्या नाहीत," काका म्हणाले. पण तोवर सगळे उतारावर सुटले होते.

चिपळूणच्या लॉजवर मी आधीच पोचले होते, बाकीचे चारला आले. आंघोळी झाल्या, भजी झाली. अ‍ॅपनं अकरा जणांचं अभिनंदन केलं. काका रोजच उशिरा येत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. साडेपाचला लॉजवाला म्हणाला, "एक किल्ली उरलीय. तुमच्यातलं कोण यायचंय?" तेव्हा निखिलला माथ्यावरचा संवाद आठवला, त्यानं तो हसत हसत सांगितला, आणि माझ्या घशात भजं अडकलं. काकांचा फोन लागत नव्हता. मी निखिलला तिथंच, सगळ्यांसमोर, टेम्पोची गोष्ट सांगून टाकली. त्याचा चेहरा उतरला. दहा हा आकडा बरोबर होता.

आम्ही दोघं टेम्पो घेऊन उलटे घाट चढलो. काका घाटमाथ्याच्या पलीकडे, हेळवाककडे तोंड करून, सायकल हातात धरून चालत होते. ते एकदा हेळवाकपर्यंत जाऊन, माथ्यावर परत येऊन, पुन्हा निघाले होते. रस्त्यातल्या प्रत्येक टपरीवर त्यांनी विचारलं होतं, "निळं हेल्मेट, बेल नसलेली सायकल." दरीच्या कठड्यापाशी थांबून खाली वाकूनही बघितलं होतं, हे टपरीवाल्यानं नंतर निखिलला सांगितलं.

मी टेम्पोतून उतरले. काकांनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं, बोट उचललं आणि म्हणाले, "अकरा." मग रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

मी माफी मागितली. रडलेही, आता लपवून काय करू? ते म्हणाले, "अहो मॅडम, गोळा येतो. त्यात काय? सांगून जायचं."

परतताना टेम्पोत, गप्प बसवेना म्हणून निखिलनं विचारलं, "काका, तुम्ही स्वतःला का मोजत नाही?"

"शेवटच्यानं स्वतःला धरायचं नसतं. तो पोचला म्हणजे सगळे पोचले." मग ते सांगत गेले. कर्वेनगरातून पहिल्या पाळीला त्यांची एकोणीस जणांची बॅच सायकलनं निघायची. दापोडीच्या पुलावर थांबायचं, शेवटच्यानं मोजायचं, मग पुढे. कुणी पंक्चर झाला तर सगळ्यांनी गेटवर लेटमार्क घ्यायचा, पण एकट्याला सोडायचं नाही. पुढे कुणी स्कूटर घेतली, कुणाला कंपनीची बस मिळाली, मग स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. बॅच गळत गेली. "शेवटचं दीड वर्ष मी एकटाच होतो."

"मग पुलावर थांबत नसाल," मी म्हटलं.

"थांबायचो की."

"कशाला?"

"मोजायला. शून्य भरायचं. नोंद घ्यावी, शून्य झालं तरी मोजावं लागतं." आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. घरी कुलूप उघडताना हा माणूस रोज काय मोजत असेल, हे माझ्या मनात आलं.

चौथ्या दिवशी निघताना मी मुद्दाम रेंगाळले. काका म्हणाले, "मॅडम, पुढे व्हा. मागे मी असतो."

"आज मी आहे."

"तुमच्या सायकलला बेल नाही."

"ओरडेन."

दिवसभर मी त्यांच्या काळ्या सायकलच्या मागून माझी चालवली. इतकी हळू सायकल चालवायलाही कसब लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. गणपतीपुळ्याला समुद्र दिसला तेव्हा बाकीचे वाळूत लोळत होते. काकांनी सायकल स्टँडवर लावली आणि सवयीनं बोट उचललं. त्यांच्या आधी मीच मोठ्यानं मोजलं. शेवटचं बोट त्यांच्यावर नेलं आणि म्हटलं, "बारा."

"अकरा," काका म्हणाले.

"बारा. आज शेवटची मी आहे. मला धरायचं नाही असं म्हणाल, तर पुन्हा अकराच भरतील, पण त्यात तुम्ही असाल."

या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी पुन्हा सगळ्यांवरून बोट फिरवलं, सावकाश, ओठ हलवत. दहा जणांवरून ते माझ्यावर आलं, मग वळलं आणि त्यांच्याच शर्टाच्या वरच्या गुंडीवर टेकलं. बराच वेळ तिथंच राहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चला, चहा सांगा. बारा."