फर्म रद्द झाली आणि गोधड्या उसवल्या

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी निबंधकसाहेबांनी माझ्या आईच्या गोधड्यांच्या फर्मची नोंदणी रद्द केली, आणि त्याच मिनिटाला त्या फर्मने आजवर शिवलेल्या सगळ्या गोधड्या उसवल्या. आमची तर माझ्या लेकीच्या, चिनूच्या अंगावरच उसवली. पोर दचकून उठली.

फर्म दोघींची, माझी आई हौसाबाई नि जैबूनमावशी यांची. आई परवाच्या उन्हाळ्यात गेली. दोघी समोरासमोर बसून आपापल्या टोकाकडून टाके घालत यायच्या, मधे हाताला हात लागला की चहा ठेवायच्या. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायच्या, गोधडी उपाशी नको म्हणून. ते वाळके तुकडे आता खाटेवर पडले होते.

चिनूला त्या गोधडीशिवाय झोप नाही. रडून रडून तिला ताप चढला. मावशीला घेऊन मी कचेरी गाठली.

तिथे शिपाई साहेबांच्या खुर्चीखालचे भाकरीचे तुकडे झाडत होता.

"एक भागीदार मयत, पत्राला उत्तर नाही, म्हणून रद्द," साहेब म्हणाले.

"मी बंद करा म्हणाले का?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग? लग्न लावलं म्हणून काडीमोडही भटजीनंच करायचा का?"

साहेबांनी कायद्याचं पुस्तक काढून सावकाश वाचलं. "बरोबर आहे, मावशी. भागीदारांनी कळवलं तरच मी फर्म संपल्याची नोंद घ्यायची. आपल्या मनाने रद्द करायचा अधिकार मला नाही. झालेली चूक तेवढी दुरुस्त करता येते. पण हौसाबाई वारल्या, हे तर खरं ना? मग फर्म संपली असं कळवता का?"

"नाही कळवत," मावशी म्हणाली. "तिच्या टोकाकडून अजून टाके येतात."

"येत असतील तर प्रश्नच नाही," म्हणत साहेबांनी दुरुस्ती केली.

गावोगावच्या गोधड्या पुन्हा शिवल्या गेल्या. घाईत तुकड्यांची थोडी अदलाबदल झाली. चिनू आता कुणाच्या तरी निळ्या चौकडीवर गाल ठेवून झोपते. आमच्या गोधडीतला आईच्या लुगड्याचा हिरवा तुकडा तुमच्याकडे आला असेल तर परत करू नका. बाळाच्या कानाकडे ती बाजू घ्या; आईचे टाके ऐकू येतात, झोप लागते. ज्यांच्या घरी तान्हं आहे, त्यांना एवढं सांगा.