साळिंदराचा शेवटचा काटा

एका जंगलात, पोरांनो, एक साळिंदर होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. नाव सांगितलं तर तिथले लोक माझ्या घरावर चालून येतील.

साळिंदर औषधं बनवायचं. सगळे त्याला साळूमामा म्हणत. जंगलाचं सांडपाणी नदीला मिळतं तिथल्या घाणीत मामाला एक बुरशी सापडली. तिचा रस जंतू मारायचा. कसा, ते ऐका. जंतू आपल्या अंगाभोवती भिंत बांधतो. औषध जाऊन गवंड्याचा हात धरतं. भिंत अर्धवट राहते, जंतू फुटून मरतो. मी चौथीतून उठलो, तरी मला कळलं. तुम्हालाही कळेल.

पण जंतू चौथीतून उठले नव्हते. ते शिकले. औषध तोडणारी कात्रीच त्यांनी तयार केली.

मग मामाने डोकं चालवलं. रसातल्या औषधाच्या कणाला मधे एक कडं होतं, तेवढं ठेवलं. बुरशीने लावलेलं शेपूट छाटलं आणि तिथं नवं जोडलं. कात्री अडखळली. जंतू पुन्हा मेले.

नवं शेपूट कशाचं, तर मामाच्याच पाठीवरच्या काट्याचं. काटा उपटायचा, आंबट पाण्यात शिजवायचा, कड्याला जोडायचा. बरेचसे जुळायचेच नाहीत. एखादा जुळायचा. जंतू तोही शिकायचे. मग पुन्हा उपट. पहिल्या पिढीचं औषध, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मामाची पाठ सोललेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली.

जंगलाला त्याचं काय. माकडाला शिंक आली, घे औषध. कोल्हिणीचं पोर अभ्यास करत नाही, दे औषध. आणि बरं वाटलं की उरलेलं झाडाच्या ढोलीत. टाकायचं नाही, संपवायचंही नाही. आपल्यासारखीच शहाणी जनावरं.

एकदा गणबा रानडुकराच्या मांडीला गळू झालं. पाय काळा पडत चालला. जुनं एकही औषध चालेना. त्याची बायको येसू मामाकडे आली.

"मामा, पाय जाईल म्हणतात."

"येसू, एकच काटा उरलाय माझ्याकडे."

"मग त्याचं काय लोणचं घालताय?"

"उद्या लांडगा आला तर त्याला काय दाखवू?"

"पाठ दाखवा. ती बघून तोच पळंल."

मामाला हसू आलं. हसता हसता त्याने काटा उपटला. पाचव्या पिढीचं औषध तयार झालं.

"सगळं संपवायचं, गणबा. बरं वाटलं तरी. एक जंतू जरी वाचला तरी बाकीच्यांना शिकवेल."

"तुमच्या गळ्याशप्पथ, मामा."

काही दिवसांत गणबा उठला आणि चिखलात लोळला. उरलेलं औषध ढोलीत गेलं.

"संपवा की," येसू म्हणाली.

"कडू आहे. ताप गेला, आता मारायचं कुणाला?"

जंगलाने मामाचा सत्कार ठेवला. माकडाने भाषण केलं, ते अजून चालू असेल. शाल घालायचा मान गणबाला. तो चिखलातून तसाच उठून आला. शाल आधी आपल्या गळवाच्या मांडीवर ठेवली, मग मामाच्या पाठीवर घातली. शेवटचा काटा उपटला होता ती जागा अजून ओलीच होती.

जखम चिघळली. मामा तापाने फणफणला. गणबा ढोलीतलं औषध घेऊन धावत आला.

"घ्या, मामा. बघा, ठेवलं म्हणून कामाला आलं."

मामाने घेतलं. ताप उतरेना. जंतू त्या औषधाला आधीच ओळखत होते. गणबाच्या मांडीत त्यांची शाळा भरली होती.

"गणबा, किती दिवस घेतलं होतंस?"

"बरं वाटेपर्यंत."

मामाने पाठीवरून हात फिरवला. हाताला काहीच टोचलं नाही.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," गणबा म्हणाला. "दुसरं बनवा. तुम्हाला काय अवघड आहे?"

तात्पर्य: औषध कधीही पूर्ण घेऊ नये. मी चौथीतून उठलो तेव्हा कुणी हळहळलं नाही. निदान जंतूंचं शिक्षण तरी अर्धवट राहू नये.